पानाखालचा कापूस

नोंदणी कचेरीच्या समोर दुकानांची जी ओळ आहे, तिच्या अगदी टोकाला झेरॉक्सकाकांचं दुकान. दुकान कसलं, दोन भिंती बांधताना मधे राहून गेलेली फट ती. यंत्र आत बसवलं तेव्हा काका बाहेर उभे होते, आणि काका आत शिरले की गिऱ्हाईक बाहेर उभं राही. त्यांना स्वतःचं एक चांगलं नाव होतं, पण ते विजेच्या बिलाखेरीज कुणी वापरत नसे. सासूबाईसुद्धा फोनवर लेकीला विचारत, "झेरॉक्सकाका जेवले का गं?"

काकांचा हात सढळ. दोन प्रती मागितल्या तर ते तीन काढत. "असू दे एक जास्तीची, कामाला येते." ती कधी कुणाच्या कामाला आल्याचं ऐकिवात नाही. पण नको म्हटलं की काकांचा चेहरा असा पडे, की माणूस आपण होऊन म्हणे, "द्या, द्या, बरं झालं काढलीत." मग वळणापर्यंत घडी घालून नेई आणि वळण ओलांडलं की टाकून देई. वळणाजवळच्या कचराकुंडीत शहरातले अर्धेअधिक खरेदीव्यवहार वाचायला मिळत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कचेरीने आपला कारभार संगणकावर नेला. लोक घरबसल्या फोनवरून कागद धाडू लागले. रांगा आटल्या. काकांच्या यंत्राला दुपारी झोप लागू लागली आणि काकांना ती लागेना. शेजारच्या फटीत टायपिस्ट बाई बसत. त्यांनी आधी टाइपरायटर पुरला होता, आता संगणक कधी पुरायचा याची वाट बघत होत्या, त्यामुळे त्यांना या दुःखाचा सराव होता. त्या निवांत शब्दकोडी सोडवत. काकांना कोडी सुटत नसत. त्यांना काहीतरी काढून द्यायची सवय, आणि काढून घ्यायला कुणी येत नव्हतं.

त्याच सुमारास कचेरीच्या जिन्याला रंग द्यायचा निघाला. कठड्यावर वर्षानुवर्षं चढलेला मनीप्लांट शिपायाने ओढून काढला आणि दाराशी ढीग घातला. काका तिथून चालले होते. सबंध वेल उचलणं त्यांना चोरी वाटलं, पान उचलणं वाटलं नाही. त्यांनी एक टवटवीत पान खुडलं, दुकानात आणलं आणि पाण्याच्या बाटलीत उभं केलं.

पान हिरवंगार राहिलं. रोज सकाळी कुलूप काढलं की काका आधी बाटली बघत, मग यंत्र. काही आठवड्यांनी देठाला दोन धागे फुटले, तेव्हा त्यांनी टायपिस्ट बाईंना हाक मारून दाखवले. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. पण पुढे काही होईना. ना कोंब, ना वेल. पान आपलं संस्थानिकासारखं पाण्यात पाय सोडून बसलेलं.

"काका, याचा फोटोच लावला असता भिंतीवर," बाई म्हणाल्या, "पाणी तरी वाचलं असतं."

शेवटी काकांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक हसरी मुलगी सांगत होती, की मनीप्लांटची फांदी घेताना पेर हवं. देठ जिथे खोडाला चिकटतो ती गाठ म्हणजे पेर, आणि नवा फुटवा येतो तो तिथूनच. नुसतं पान म्हातारं होईल, पण बाप होणार नाही. हे ऐकून काका काही वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी ते बाटलीतून काढलं, पुसलं आणि कुठे टाकवेना म्हणून परत ठेवलं.

पण आता नाद लागला होता. नाद लागलेल्या माणसाला अपयश हे शिक्षण वाटतं, आणि काकांनी तर पुष्कळ शिक्षण घेतलं. घरच्या जेडची फांदी तोडून लगेच ओल्या मातीत खोचली आणि वर तांब्याभर पाणी घातलं. ती चार दिवसांत आतून कुजून आडवी झाली. जाड पानांच्या झाडाची फांदी आधी सावलीत ठेवून चीर सुकू द्यायची असते, हे नंतर कळलं. मग स्नेक प्लांटचं लांब पान कापून वीतवीतभर तुकडे केले आणि रांगेत लावले. एकाला मूळ फुटेल तर शपथ. त्या तुकड्यांचं खालचं टोक खालीच जावं लागतं, आणि काकांनी सगळे न चुकता उलटे लावले होते. बिचाऱ्या काकांचा दोष नव्हता. आयुष्यभर कागद पालथा घालायची सवय. हाताने आपलं काम केलं.

"अहो, पाणी प्यायचं म्हटलं तर ग्लासात कुणीतरी बसलेलं असतं," काकू म्हणाल्या. काकू शांत बाई. नवऱ्याच्या हौसेला त्या पावसासारखं मानत; येतो, जातो, कपडे तेवढे आत घ्यायचे. पण ग्लासांपर्यंत मजल गेली तेव्हा त्यांनी जुन्या बरण्या काढून दिल्या. "यात काय ते करा. आणि माझ्या चहाच्या कपात पुन्हा फांदी दिसली, तर ती मी चहाबरोबर उकळीन."

बरण्यांनी काकांचं नशीब उघडलं. पेराच्या बोटभर खाली तिरकी कापलेली मनीप्लांटची फांदी, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकलेली, पाणी दर दोनतीन दिवसांनी बदललेलं, बरणी उजेडात पण उन्हात नाही. आणि एका सकाळी पेरातून पांढरी, जाड, सरळ मुळं बाहेर आलेली. काका खिडकीपाशी उकिडवे बसले आणि उठेचनात. जन्मभर त्यांनी प्रती काढल्या, पण मूळ कागद कायम दुसऱ्याचा, प्रत पण दुसऱ्याची. ही प्रत श्वास घेत होती. डोळे पुसून ते काकूंना म्हणाले, "बघितलंस? आली." काकू म्हणाल्या, "आली हो. आता दुकानाला जा."

इथवर सगळं गोड होतं. बिघडलं ते पुढे, कारण झाडं जगू लागली आणि काकांच्या हाताला जुनी सवय होती. एकाच्या तीन.

घर भरलं, दुकान भरलं, तेव्हा वाटप सुरू झालं. शिंप्याला मनीप्लांट. दातांच्या दवाखान्यात स्पायडर प्लांटची दोन पिल्लं. टायपिस्ट बाईंना जेड, आणि जेड आवडत नाही म्हणाल्या म्हणून आणखी एक जेड, "सवय होईल." खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मॅनेजरसाहेबांना तर दर आठवड्याला काहीतरी. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या गॅलरीत कुंड्या उंचीप्रमाणे रांगेत उभ्या असत आणि साहेब सकाळी त्यांच्यासमोरून तपासणी केल्यासारखे फिरत.

झाड घेणं सोपं होतं. कठीण होतं पुढचं. काका विचारपूस करायला येत. "कसं आहे आपलं पिल्लू?" असं दारातूनच विचारत आणि सरळ खिडकीकडे जात. झाड मेलेलं निघालं तर काही बोलत नसत. नुसते कुंडीतल्या मातीत बोट घालून उभे राहत. ते उभं राहणं लोकांना सहन होईना. दवाखान्यातल्या बाईंनी पिल्लं रुग्णांच्या खुर्चीमागे लपवली होती, ती काका आले की पुढे आणून ठेवत. साहेबांनी तर काकांची येण्याची वेळ हेरून फिरायला जाणं सुरू केलं, आणि त्यांची तब्येत सुधारली.

आता प्रत्येकाला तोंडी किती सांगणार, म्हणून काकांनी 'नवशिक्यांसाठी सूचना' असा एक कागद केला. मजकूर त्यांनी सांगितला, टाइप बाईंनी केला, आणि प्रती काढायला यंत्र होतंच. पेर कसं ओळखावं, फांदी कुठे कापावी, कात्री आधी पुसून घ्यावी, मुळं बोटभर झाली की मातीत हलवावी. कागद खरोखर चांगला होता. तिथेच थांबले असते तर काकांचा जन्म सार्थकी लागला असता.

पण गल्लीच्या टोकाच्या बंगल्यात माळीकाम निघालं आणि त्यांनी क्रोटनची एक भलीमोठी कुंडी बाहेर काढून ठेवली. पिवळी, तांबडी, चट्ट्यापट्ट्यांची पानं. इतकं देखणं झाड कुणी का टाकतं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. काकांना आनंद झाला. त्यांनी ती कुंडी हातगाडीवरून घरी आणली आणि छाटून पंचवीसेक फांद्या लावल्या, काही घरी, काही दुकानात. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की पानांच्या बेचक्यात, देठाशी, काहीतरी पांढरं, मऊ, कापसासारखं येतंय.

"बाई, इकडे या! झाडाला जावळ आलंय!"

बाईंनी पाहिलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या कोड्यात एक उभा शब्द अडला होता.

पानांनाही चिकट तकाकी आली. मुंग्यांची रांग लागली. काका कौतुकाने काकूंना म्हणाले, "बघ, मुंग्यासुद्धा बघायला येतात." आणि ज्ञान आपल्यापाशी ठेवणं हा त्यांचा स्वभाव नसल्यामुळे त्यांनी सूचनांच्या कागदात दोन ओळी वाढवून घेतल्या: 'देठाशी पांढरा मऊ कापूस दिसल्यास झाड खूश आहे असे समजावे. तो पुसू नये.' नवा कागद आणि क्रोटनची एकेक फांदी, अशी जोडी घरोघर पोचली. कुणी नसलं तर दाराशी ठेवलेली असे.

पहिली तक्रार मॅनेजरसाहेबांकडून आली. त्यांच्या गॅलरीतली जास्वंद एका बाजूने आकसली, कळ्या न उमलता गळू लागल्या. मग दवाखान्यातली पिल्लं पिवळी पडली. मग कुणाची मिरची, कुणाचा गुलाब. जिन्यात भेटलं की लोक पूर्वी तब्येतीबद्दल बोलत, ते आता पानांबद्दल बोलू लागले. काका ऐकत आणि म्हणत, "हवा बदलली आहे."

घरी त्यांचं स्वतःचं जेडही मान टाकायला लागलं, तेव्हा त्यांनी पुन्हा त्या हसऱ्या मुलीला फोनवर गाठलं. ती तशीच हसत होती. "पुष्कळांना हा कापूस वाटतो," ती म्हणाली. "हा कापूस नाही. याला पिठ्या ढेकूण म्हणतात. ही किड्यांची वसाहत आहे, ती झाडाचा रस पिते. चिकटपणा आणि मुंग्या ही तिचीच खूण. एका झाडावरून सगळ्या बागेत पसरायला तिला वेळ लागत नाही."

काकांनी फोन पालथा ठेवला. मग उठून क्रोटनचं एक पान उलटलं आणि भिंग लावून पाहिलं. जावळ हळूहळू चालत होतं.

"अहो, काय झालं?" काकूंनी विचारलं.

"मी गल्लीभर ढेकूण वाटले," काका म्हणाले. "सूचनांसकट."

काकू त्यांच्याशेजारी बसल्या. हसू आवरायला त्यांनी पदर तोंडाला लावला होता, पण डोळे सांगायचे ते सांगत होते. "किड्यांचं राहू द्या," त्या म्हणाल्या, "ते कुणाचे, हे कुठे लिहिलेलं असतं? पण 'पुसू नये' हे तुम्ही लिहून दिलंय. छापील. ते कागद आधी गोळा करा."

दुसऱ्या दिवशी काका 'सुधारित आवृत्ती' घेऊन निघाले. जुना कागद घ्यायचा, नवा द्यायचा, आणि कुणी विचारलंच तर छपाईची चूक म्हणायचं. चोराच्या मनात चांदणं असतं तसं त्यांना प्रत्येक दारात वाटे, की आता हा माणूस ती ओळ वाचून दाखवणार.

शिंपी मशीनवरून उठलाच नाही. "कागद? तो होय. जाड होता, कॉलरचा साचा कापला त्याचा. हवाय का?" काकांनी भीतभीत खिडकीतल्या मनीप्लांटकडे पाहिलं. तो मात्र लखलखत होता, एक ठिपका नाही. "हा कसा वाचला?"

शिंप्याने सुई तोंडातून काढली. "काका, आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो. तुमचा पहिल्याच आठवड्यात गेला. हा मी नर्सरीतून आणलेला. याच्या आधी एक आणला होता, तोही गेला. आणि तो रंगीत पानांचा मध्यंतरी तुम्ही ठेवून गेलात, तो मी आत आणलाच नाही, मागच्या नाल्यात सोडला. तुम्ही येऊन मातीत बोट घालून उभे राहता, ते बघवत नाही हो."

दवाखान्यात तो कागद खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली सापडला. मॅनेजरसाहेबांकडे तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारीख टाकून फायलीला लावलेला होता. "वाचलात का आपण?" काकांनी विचारलं.

"महत्त्वाचे कागद मी वाचत नाही," साहेब म्हणाले. "जपून ठेवतो."

गल्ली संपत आली तरी तो कागद वाचलेला एक माणूस भेटेना. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण काकांची चाल दर दारागणिक मंद होत गेली. पेराची ओळ, कात्री पुसायची ओळ, चीर सुकवायची ओळ. किती दुपारी त्यांनी त्यावर घातल्या होत्या. आपण चूक लिहिलं हे एक दुःख, आणि बरोबर लिहिलेलंही कुणी वाचलं नाही हे दुसरं. यातलं कुठलं मोठं, ते त्यांना ठरवता येईना. परत येऊन ते टायपिस्ट बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले.

"बाई, तुम्ही तर टाइप केलंत. तुम्हाला तरी ती ओळ खटकली नाही?"

"मी टाइप करते काका, वाचत नाही," बाई म्हणाल्या. "वाचायला लागले असते तर या कचेरीसमोर एक दिवस टिकले नसते." मग काकांचं तोंड बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. "काय झालंय ते नीट सांगा."

काकांनी सांगितलं. सगळं ऐकून बाई इतकंच म्हणाल्या, "मग पुसा की आता. इथे काय उभे राहिलात?"

आणि काका पुसायला लागले. स्पिरिटची बाटली, कापसाचं पुडकं, साबणाच्या पाण्याची फवारणी. काकू पान उलटं धरत, काका बेचक्यातून बोळा फिरवत. एकदा पुसून भागत नाही, पिल्लं राहतात, म्हणून आठवड्याने परत, मग पुन्हा परत. दारोदार गेले. पूर्वी ते आले की लोक लपत, आता वाट बघू लागले. "आले, डॉक्टर आले!" दवाखान्यातल्या बाई, ज्यांच्याकडे खरा डॉक्टर आत बसलेला असे, त्याही म्हणू लागल्या.

स्वतःच्या घरी मात्र पुसून भागण्यासारखं उरलं नव्हतं. क्रोटनचं मोठं झाड, त्याच्या सगळ्या फांद्या, जेड, जास्वंदीची कलमं, बरण्यांतले मनीप्लांट. काका एकेक पिशवीत घालत गेले आणि तोंड घट्ट बांधत गेले. ज्या बरणीत पहिलं मूळ आलं होतं, ती त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली. वेल आता हातभर झाला होता आणि त्याच्या प्रत्येक पेरात पांढरं दिसत होतं. काकूंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

महिन्याभराने गल्लीतली झाडं पुन्हा उभी राहिली, आणि मॅनेजरसाहेबांनी इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्या गल्लीची सभा बोलावली. साहेबांना कारणमीमांसा केल्याशिवाय अन्न पचत नसे. त्यांनी उभं राहून सांगितलं, की या साथीचं मूळ गल्लीबाहेरच्या नर्सरीत आहे, बेजबाबदार लोक तिथून रोगट झाडं आणतात, आणि यापुढे नर्सरीवर बहिष्कार घालावा. शिंप्याने खाली बघितलं. मग साहेब म्हणाले, "या संकटात एक माणूस निःस्वार्थपणे धावून आला..."

काका ताडकन उठले.

"साहेब, थांबा. नर्सरीचा काही संबंध नाही. कीड माझ्या क्रोटनवर होती. मीच फांद्या वाटल्या. मला वाटलं तो कापूस आहे. झाड खूश आहे असं मी लिहूनसुद्धा दिलं होतं. चूक माझी आहे."

मग दवाखान्यातल्या बाई हळहळल्या, "बघा, केवढा विनय!" दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. टायपिस्ट बाई मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ते खरं सांगतायत," पण टाळ्यांत ते बुडालं.

साहेबांनी हात वर केला. "काका, आपल्या भावना आम्ही समजतो. पण नर्सरीचा ठराव मी सकाळीच लिहून आणलाय. त्यात आता खाडाखोड नको." आणि ठराव एकमताने मंजूर झाला. पाठोपाठ दुसराही.

काका घरी आले तेव्हा काकू भांडी पुसत होत्या. गुडघे दुखत होते म्हणून त्या सभेला उतरल्या नव्हत्या.

"सांगितलंत का?"

"सांगितलं. अगदी स्पष्ट."

"मग? काय म्हणाले?"

"वृक्षसमितीचा अध्यक्ष केलं," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

काका अजून अध्यक्ष आहेत. समितीचं काम फारसं काही नसतं. कुणी नवं झाड आणलं तर ते आधी काकांकडे पाठवायचं, असा नियम त्यांनीच करून घेतला. प्रत्येक झाड त्यांच्याकडे महिनाभर वेगळं राहतं, पानं उलटून तपासलं जातं आणि मगच घरी जातं. वेगळं ठेवायला दुसरी जागा नसल्याने ती सगळी न्हाणीघरात असतात. काकू आंघोळीला गेल्या की आधी दोन गुलाब आणि एक शेवंती बाहेर काढून ठेवतात, आणि काकांना ओरडून सांगतात, "यांना बघा, मी पाणी घेतेय."